चौदा दिवस, तीन दिवस आणि अकरा महिने

चुलत बहिणीने घरच्या ग्रुपवर तो फोटो टाकला तेव्हा मी भिवंडीच्या नारपोलीत आमच्या संघटनेच्या खोलीत बसून पत्रकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होते. बहीण नर्स, नुकतीच जर्मनीला गेलेली. मला वाटलं बर्फ असेल, किल्ला असेल, नाहीतर नव्या कोटात ती स्वतः असेल. निघाला एक कागद. साधा, एकपानी, आणि तळाशी कुणा म्हातारीची थरथरती सही. खाली बहिणीने लिहिलं होतं, "घरमालकिणीने दारात उभ्या उभ्या सही करून दिली. नगरपालिकेत नाव लागलं. आता मी इथली."

काकूने जोडलेल्या हातांची चार चित्रं टाकली. आईने फूल, बाबांनी अंगठा. मी काहीच टाकलं नाही. सुतळी मात्र अशी ओढली की वरची दोन पत्रकं फाटली.

जळले मी. उगाच दुसरा शब्द शोधत बसत नाही. आणि कशावर जळले? पगारावर नाही, थंडीवर तर नाहीच. एका म्हातारीच्या सहीवर. कारण आमची संघटना ज्यासाठी चार वर्षं घसा फोडते ते हेच: भाडेकरूला मालकाने लिहून द्यावं की हा माणूस माझ्याकडे राहतो. एवढंच. भिवंडीत वीस-वीस वर्षं लूम चालवलेली माणसं आहेत ज्यांच्याकडे असा एक चिठोरा नाही. आणि ही बया चौदा दिवसांत नाव लावून मोकळी.

बहीण माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. तिला ताई म्हण, असं आई मला कळायला लागल्यापासून सांगते. मी म्हणत नाही. आम्ही दोघी एकाच वर्षी नर्सिंगला गेलो. दुसऱ्या वर्षी हॉस्टेलच्या जेवणात अळ्या निघाल्या, मी मुलींना जमवून ताटं घेऊन व्हरांड्यात बसवलं. तीन दिवस बसलो. जेवण सुधारलं. बाकीच्या मुली ते सुधारलेलं जेवण जेवून पास झाल्या आणि मी त्या तीन दिवसांची चटक घेऊन बाहेर पडले. तिने अभ्यास केला, जर्मन शिकली, परीक्षा दिल्या. मी पत्रकं लिहायला शिकले. मोठं मथळ्याचं अक्षर, छोटी वाक्यं, शेवटी उद्गारचिन्ह.

त्या फोटोनंतर मी तिला फोन करायला लागले. प्रेमाने नाही, माहितीसाठी. तिची जेवणाची सुट्टी असायची तेव्हा आमचे दुपारचे साडेतीन-चार. ती राहते ते गाव नदीकाठी आहे, मध्ये पूल आणि पलीकडे ऑस्ट्रिया. पुलावर कधी पोलीस उभे असतात, कधी नसतात. भाषा एक, पाव एक, नदी एक, फक्त कायदे दोन. तिची एक मैत्रीण, केरळची नर्स, पुलापलीकडच्या हॉस्पिटलात काम करते आणि तिकडेच राहते. म्हणजे मला घरबसल्या दोन्ही काठांची खबर मिळायला लागली.

"तुझ्याकडे चौदा दिवसांत नाव लावायचं, आणि तिच्याकडे?" मी विचारलं.

"तीन दिवसांत. तिकडे घाई जास्त."

"आणि मालकाने सही दिली नाही तर?"

"द्यावीच लागते. दोन्हीकडे. इथं तर न देणाऱ्या मालकाला दंड होऊ शकतो."

मालकाला दंड! मी फोन कानाला लावून उभीच राहिले. बाहेर कुणाचा तरी टेम्पो रिव्हर्स घेत होता आणि त्याचं ते पीं-पीं ऐकून बहीण म्हणाली, "भिवंडी ऐकू आली गं." तिचा आवाज जरा ओला झाला असावा. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी दंड लिहून घेत होते.

पुढे पुढे मी सगळंच लिहून घेतलं. जर्मनीत परक्या माणसासाठी भाषेचे वर्ग असतात, आणि भाषेनंतर हा देश कसा चालतो याचाही एक वर्ग असतो. ऑस्ट्रियातही भाषा आहे, पण हात आखडता. दोन वर्षांत परीक्षा पास व्हायची म्हणजे व्हायची, नाहीतर परवान्याला त्रास. या काठावर पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं. त्या काठावर साधारण दहा. केरळची मैत्रीण म्हणते, "तिकडे दार उघडतात आणि म्हणतात ये. आमच्याकडे दार उघडतात आणि म्हणतात पाय पुस." त्यावर बहीण हसली. मला हसू आलं नाही. मला त्या पाय पुसायलासुद्धा हेवा वाटला. पाय पुस म्हणायला आधी दार तर असावं लागतं! आमच्याकडे माणूस आत येतो, चाळीस वर्षं राहतो, मरतो, आणि कुणी त्याला ये म्हटलेलं नसतं, जा म्हटलेलं नसतं, पाय पूसही म्हटलेलं नसतं. आणि हा तर परदेशीही नाही, याच देशातला. फक्त दुसऱ्या राज्यातून आलेला.

यातूनच मी पत्रक काढलं. गुलाबी कागद, वर मथळा: "मालकांनो, सही करा!" खाली तीन रकाने. जर्मनी, चौदा दिवस. ऑस्ट्रिया, तीन दिवस. भिवंडी, आणि तिथे मी एक मोठं प्रश्नचिन्ह छापलं. फार खूश झाले होते त्या प्रश्नचिन्हावर.

बहिणीने आणखीही सांगितलं होतं. ती म्हातारी मिळण्याआधी अकरा ठिकाणी फोन केले, नाव ऐकल्यावर चार जणांनी ठेवून दिला. वरच्या मजल्यावरचा माणूस जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघतो. सही देणारी म्हातारीसुद्धा कचऱ्याची पेटी उघडून बघते, हिने काचेच्या बाटल्या चुकीच्या डब्यात तर टाकल्या नाहीत ना, आणि दर रविवारी गोड आवाजात विचारते, "मग परत कधी जाणार?" हे मी पत्रकात घेतलं नाही. तीन रकान्यांच्या पत्रकात चौथा मावत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते ऐकायचंच नव्हतं. जिच्यावर जळायचं तिला रडताना ऐकलं की जळण्याची मजा जाते.

पत्रक मी तिला पाठवलं. ती म्हणाली, "छान झालंय. आपल्या चाळीत वाटलंस का?"

"सगळीकडे वाटलंय," मी म्हटलं. आमच्या चाळीत वाटलं नव्हतं.

आता आमच्या चाळीबद्दल सांगायला हवं. आमचं घर नारपोलीत, आणि घराच्या मागे एका रांगेत नऊ खोल्या. पत्र्याचं छप्पर, पुढे सामाईक मोरी. आजोबांनी बांधलेल्या. भाडेकरू सगळे लूमवाले, कोणी उत्तरेकडचे, कोणी तेलंगणातले. पुरुष लूमवर, बायका घरात बसून कांड्या भरतात, म्हणजे लूमच्या धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळतात. दुपारी चाळीत शिरलं की नऊ दारांतून कांडीच्या यंत्राची घरघर येते.

आणि आमच्या चाळीची एक रीत आहे. दर अकरा महिन्यांनी खोल्या फिरवायच्या. पहिलीतले दुसरीत, दुसरीतले तिसरीत, असं करत नववीतले पहिलीत. कुणालाही हाकलायचं नाही, पण कुणी एका खोलीत वर्ष काढायचं नाही. आजूबाजूचे इतर मालकही करतात, आमचा काही शोध नाही. बाबा म्हणतात, एका खोलीत माणूस मुरला का मालक होतो. म्हणून मुरू द्यायचा नाही. कागद एकही नाही. लाईटबिल आमच्या नावाचं, पाणी आमच्या नावाचं.

लहानपणी मला वाटायचं, हा त्यांचा सण आहे. सकाळी बाबा किल्ल्यांचा जुडगा घेऊन अंगणात उभे राहायचे आणि नऊ घरांची भांडी, गाद्या, कांडीची यंत्रं आठ-आठ पावलं पुढे सरकायची. पोरं उगाच पळायची. मला कुणीतरी टेबलफॅन धरायला द्यायचं आणि तो घेऊन मी मिरवायची. नव्या खोलीत गेल्या गेल्या बायका आधी पत्र्याकडे बघायच्या, कुठे उजेड दिसतो का. सातवी खोली गळायची. सातवीची पाळी आली की त्या घरात दोन दिवस अबोला असायचा.

पत्रक वाटून आठवडा झाला असेल. दुपारी संघटनेच्या खोलीत मी आणि चाचा होतो. चाचा म्हणजे आमचे सगळ्यात जुने सभासद, आयुष्यभर लूम दुरुस्त केलेले मिस्त्री. दारात एक पोरगी उभी राहिली. आमच्याच चाळीतली. हातात प्लॅस्टिकची फाईल आणि फाईलच्या वर ते गुलाबी पत्रक. तिचे अब्बू लूमवर, अम्मी कांड्या भरते. ती इथेच जन्मली, इथल्या उर्दू शाळेत शिकली आणि यंदा सायन्सने बारावी झाली.

"मॅडम, नर्सिंगचा फॉर्म भरायचाय," ती म्हणाली. "महाराष्ट्राच्या कोट्यातून भरायचा तर डोमिसाईल लागतं. सेतूमध्ये गेले तर तिथले काका म्हणाले, पंधरा वर्षं सलग राहिल्याचा पुरावा आण."

"रेशनकार्ड?"

"गावचं आहे."

"शाळेचा दाखला?"

तिने फाईल उघडली. जन्मदाखल्यावर खोली नंबर तीन. शाळेच्या दाखल्यावर आठ. आधारवर पाच. बँकेच्या पासबुकावर एक. "काका म्हणाले, एवढी घरं बदलली तर सलग कसं धरायचं? मग म्हणाले, मालकाकडून लिहून आण आणि मालकाच्या घरपट्टीची पावती जोड, तर होईल. कागद दिल्यावर दहा दिवस लागतात. फॉर्मची मुदत आहे तीन आठवडे."

माझ्या अंगात आलं. हेच! हेच तर मी म्हणत होते! मी उभीच राहिले. "लिहून कसं देत नाही मालक? आपण जाऊ. दहा माणसं घेऊन जाऊ. नाही दिलं तर दारात बसू!"

पोरगी हळू म्हणाली, "मॅडम, मालक तुम्हीच आहात ना?"

मी म्हटलं, "अगं, बाबा आहेत."

"न्हाय मॅडम. अब्बूंनी घरपट्टीची पावती बघितली. नाव तुमचंय."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "क्या बेटी, मोर्चा तेरे ही घर ले चलें? दस आदमी हैं। चाय तो पिलाएगी न?"

मला माहीत नव्हतं असं नाही. पण आपला रक्तगट जसा माहीत असतो तसं माहीत होतं, कधी उपयोगात न आणलेलं. बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा काल्हेरच्या रस्त्याकडचा तुकडा काकांकडे गेला. तिथे आज गोदाम आहे आणि त्या गोदामावर बहिणीचं जर्मन, परीक्षा, विमान सगळं झालं. चाळ बाबांकडे आली, आणि मी अठरा वर्षांची झाल्यावर त्यांनी ती माझ्या नावावर केली. मी कुठेतरी सह्या केल्या, बाबांनी मला बाहेर उसाचा रस पाजला, संपलं. तिला तिकीट मिळालं, मला चाळ. आणि मी चार वर्षं मालकांच्या विरोधात पत्रकं लिहीत होते.

तरीही तिथल्या तिथे सही केली असती. शपथेवर सांगते, पेन हातात होतं. पण पोरगी फाईल बंद करता करता म्हणाली, "ताईंनी सांगितलंय, आधी डोमिसाईल, मग कॉलेज, मग जर्मन पक्कं करायचं."

"कोण ताई?"

"तुमच्या ताई. दर रविवारी फोनवर शिकवतात मला. इथं होत्या तेव्हापासून शिकवतात." आणि पटकन दोन वाक्यं म्हणून दाखवली. चांगली म्हटली. मीही एकेकाळी जर्मनच्या शिकवणीला चार महिने बसले होते, मला तेवढं कळलं.

ती बहिणीला ताई म्हणत होती. आणि मला, जिच्या घरामागे तीस पावलांवर ती जन्मली, मला मॅडम. मी पेनाला टोपण लावलं. "बघते," म्हटलं. "बाबांना विचारावं लागेल."

बघते! हा शब्द मी किती मालकांच्या तोंडून ऐकला असेल. त्याच्यावर तर आमचं एक अख्खं पत्रक आहे.

बाबांना विचारलं ते दुसऱ्या दिवशी, जेवताना, आणि अशा तऱ्हेने विचारलं की ते नाहीच म्हणतील.

"न्हाय," बाबा म्हणाले. "नाव लागला का हक लागतो. आज पोरीला लिवून देशील, उद्या नऊच्या नऊ येतील."

"जर्मनीत द्यावंच लागतं."

"जर्मनीत काय करतान तां जर्मनी जाणे. बाय, त्यांचा गाव हाय. ईदेला, लग्नाला जातान, घर हाय, शेत हाय तिकडं. आपला दुसरा गाव कुठं हाय? हा एकच, आणि तो पन अर्धा गोडाऊननी खाल्ला. वळ गावाला तुझ्या आजीच्या माहेरची भातशेती होती, आता ट्रक उभे ऱ्हातान. एका एका सहीनं गेली ती."

मी भांडायला हवं होतं. पण खरं सांगू? मला ते पटलं नाही, आणि तरी आत कुठेतरी गार वाटलं. त्यांना दोन गावं, आम्हाला एक. या हेव्याची चव मला आधीपासून ठाऊक होती. सुट्टीत सगळी चाळ गावाला जायची आणि चार दिवस अंगण रिकामं व्हायचं, तेव्हा मी आईला विचारायची, आपण गावाला कधी जायचं? आई म्हणायची, हेच गाव.

तर बाबा नाही म्हणतात, हे मला मिळालं आणि ते मी पुढे नऊ दिवस वापरलं. पेन बाबांच्या हातात नव्हतं, चाळ माझ्या नावावर होती, पण मी पोरीला "समजावतेय त्यांना" असं सांगत राहिले. ती सकाळी मोरीवर भेटायची. बादली खाली ठेवून माझ्याकडे बघायची. एकदा तिची अम्मी म्हणाली, "बेटी, जल्दी नहीं है, पर तारीख है।" यापेक्षा सभ्य तगादा मी आयुष्यात ऐकला नाही.

नवव्या दिवशी बहिणीचा फोन आला. यावेळी तिने केला.

"सही दिलीस?"

"बाबा ऐकत नाहीत."

"चाळ तुझ्या बाबांच्या नावावर नाहीये, तुझ्या आहे."

"तुला सोपं आहे तिकडून बोलायला. तुला काय, म्हातारीने दारात उभ्या उभ्या—"

"हो, दारात उभ्या उभ्या. कारण मी आत यावं असं तिला वाटत नव्हतं. तुझ्या पत्रकात काय लिहिलंयस? चौदा दिवस. आज नववा. ऑस्ट्रियाचा रकाना कधीच संपला तुझा. हे बघ, तुला माझा राग आहे ना? मग माझ्यावर काढ. पोरीचा कागद कशाला अडवतेस?"

मी म्हटलं, "तू तिला आधी शिकवायचीस हे मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस मी काय करते? तू फक्त मला काय मिळतं ते विचारतेस."

फोन मी ठेवला. ओटीवर आई तांदूळ निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "ताईचा होता?"

मी पोरीला हाक मारली.

ती फाईल घेऊन आली, मागोमाग तिची अम्मी हाताला लागलेलं सूत पुसत. ओटीवर बसलो. मी कोरा कागद घेतला आणि झरझर लिहिलं: सदर कुटुंब आमच्या चाळीत खोली क्रमांक पाच येथे जन्मापासून सलग वास्तव्यास आहे. आधारवर पाच आहे, म्हणून पाच. सही करणार, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मॅडम, असं नको. बाकीच्या कागदांवर तीन आहे, आठ आहे, एक आहे. खोटं वाटेल. आणि खोटंच आहे."

"मग काय लिहू?"

"जे झालं ते."

जे झालं ते. म्हणजे मी माझ्या हाताने लिहायचं की आम्ही यांना दर अकरा महिन्यांनी हलवत होतो. मी दुसरा कागद घेतला. "सांग, कुठून सुरुवात?"

"तीन," अम्मी म्हणाली. "ये तीन में पैदा हुई।" मग चार. मग पाच. मग ती अडखळली. सहात गेलो की नाही? आई तांदळातून म्हणाली, "सहाला चुना मी लावला होता, तुमी येणार म्हणून. पोरगी दोन वर्षांची होती, चुना खाल्ला होता तिनं." सहा लिहिलं. सात. सातवीला अम्मीने नुसता वर हात दाखवला, पत्र्याकडे. मग आठ, नऊ, एक, दोन, आणि पुन्हा तीन. कोरोनाच्या वर्षी फिरवलंच नव्हतं, ते दोघींनाही आठवेना, कुठल्या खोलीत अडकलो होतो.

"पाच," अम्मी म्हणाली.

"चार," आई म्हणाली.

आतून बाबांचा आवाज आला. "चार न्हाय, पाच न्हाय. सहा. पाचात तवा ते तेलंगी होते, त्यांची म्हातारी आजारी होती, म्हणून आदल्या फेरीला यांना उडवून सहात टाकला."

बाबा दारात येऊन उभे राहिले, बनियनवर, हातात पेपर. त्यांना ही यादी व्हायला नकोच होती, पण चुकीची झालेली त्याहून नको होती. ते तिथेच चौकटीला टेकून उभे राहिले आणि शेवटच्या खोलीपर्यंत सांगत गेले. एकही चुकले नाहीत. मधेच पोरीकडे बघून म्हणाले, "आठात असताना हिला विंचू चावलेला. मीच नेलती डाक्टरकडं." पोरगी म्हणाली, "हो मालिक, अजून डाग आहे." आणि घोटा पुढे केला.

दोन फेऱ्या पुऱ्या व्हायला आल्या होत्या. सतरा वर्षं. खाली मी लिहिलं: वरील प्रत्येक बदल मालकाच्या सोयीसाठी व मालकाच्या सांगण्यावरून करण्यात आला. कुटुंब तेच आहे आणि या काळात ही चाळ सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केलेले नाही. सही केली. एवढं खरं वाक्य मी कुठल्याच पत्रकात लिहिलं नव्हतं, आणि त्याला उद्गारचिन्ह नव्हतं.

बाबांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला, परत दिला. कपाटातून घरपट्टीची पावती काढून आणली, ती ओटीवर ठेवली आणि आत गेले. माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

दाखला मुदतीच्या आदल्या दिवशी आला. म्हणजे माझे ते नऊ दिवस आणखी दोन झाले असते तर पोरीचं वर्ष गेलं असतं, माझ्या पोटातल्या आगीपायी. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिला कळलेलं असणार. तिला ठाण्याकडच्या कॉलेजात जागा मिळाली, आणि पुढच्याच आठवड्यात बाबांचं म्हणणं खरं झालं. बाकीच्या आठ घरांतली माणसं एकेक करून ओटीवर आली. कुणी खोल्यांची यादी पाठीमागे लिहिलेलं कॅलेंडर आणलं, कुणी तोंडपाठ करून आलं. मी लिहीत बसले. आई सांगत होती, आणि अडलं की आतून बाबा.

चाचा म्हणाले, "अब नया पर्चा निकाल। तीसरे खाने में क्या डालेगी?" मी प्रश्नचिन्ह काढलं आणि तिथे लिहिलं: भिवंडी, अकरा महिने. खाली आमच्या चाळीचा पत्ता टाकला. इतर मालकांनी बाबांना नाक्यावर गाठून काय काय ऐकवलं ते बाबांनी घरी सांगितलं नाही. चार जणांकडून मला नंतर कळलं.

गेल्या महिन्यात पुन्हा अकरा महिने भरले. सकाळी बाबा किल्ल्यांचा जुडगा घेऊन अंगणात जाऊन उभे राहिले. सवयीने गेले की मुद्दाम, मला माहीत नाही. मी खिडकीतून बघत होते. एकाही दारातून भांडं बाहेर आलं नाही. कांड्यांची घरघर चालू होती. थोड्या वेळाने पोरीची अम्मी दारात आली. "चाय लेंगे, मालिक?"

बाबा म्हणाले, "सातीचा पत्रा गळतो ना? तो बघाया आलतो." आणि खरंच सातवीत गेले. दुसऱ्या दिवशी नवा पत्रा आला.

पोरीने परवा मला फोटो पाठवला. हॉस्टेलच्या फॉर्मचा. "कायमचा पत्ता" या ओळीत तिने नीट अक्षरात लिहिलं होतं: खोली क्रमांक दोन, आणि पुढे आमची चाळ, नारपोली. माझं नाव होतं त्यात, घरमालक म्हणून. खाली तिने लिहिलं होतं, "मॅडम, बघा."

मी बघितला, मोठा करून बघितला. काहीतरी उत्तर द्यावं म्हणून मागे आले, तर घरच्या ग्रुपवर तोच फोटो आधीच होता. बहिणीने टाकलेला, दहा मिनिटांपूर्वी. काकूचे जोडलेले हात, आईचं फूल, बाबांचा अंगठा, सगळं येऊन गेलेलं. पोरीने आधी तिला पाठवला होता, मग मला.